घड्याळ काढलेले दिघे सर

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते आठ, दिघे सर मूर्ख असतात.

बाकीच्या वेळी ते आमच्या बडोद्यातल्या फ्लाइंग क्लबचे मुख्य प्रशिक्षक असतात. मूर्ख होतात तेही रीतसर, कामाचा भाग म्हणून. विमान उडवायला शिकलेल्या माणसाला पुढे दुसऱ्यांना शिकवायचं असेल, तर त्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो. त्यात शिकाऊ प्रशिक्षक उजव्या सीटवर बसतो. डाव्या सीटवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जागी, त्याचे स्वतःचेच गुरुजी बसतात आणि आपल्याला काही येत नाही असं सोंग करतात. दुसरे प्रशिक्षक हे सोंग स्नेहसंमेलनातल्या भालदार-चोपदारासारखं उरकतात. दिघे सर उरकत नाहीत. ते हातातलं घड्याळ काढतात, माझ्याकडे देतात, केस कपाळावर ओढतात, आणि त्या क्षणापासून दिघे सर नावाचा माणूस शिल्लक राहत नाही. उरतो तो मधू.

मधू एकोणीस वर्षांचा आहे. मांडवीत राहतो. घरी मराठी, गल्लीत गुजराती, विमानात दोन्ही. बावन्न वर्षांचे दिघे सर गुडघे जुळवून, खांदे पाडून त्या सीटवर बसतात तेव्हा खरंच एकोणीसचे दिसतात, हे मला कबूल करावं लागतं. पण माझं त्यांच्याशी जे भांडण आहे ते अभिनयाबद्दल नाहीच. भांडण मधूशी आहे.

हा मधू विमानात लीलो चेवडोचं, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याचं, पाकीट घेऊन येतो. ते सीटखाली ठेवतो. ठेवू नकोस म्हटलं की म्हणतो, "हो ताई, समजलं," आणि पायाने आणखी आत सरकवतो. त्याला विमान म्हणजे पतंग वाटतो. वर चढायचं असलं की विचारतो, "ताई, ढील देऊ का?" उजवीकडे वळ म्हटलं की डावीकडे वळतो, कारण त्याला म्हणे डावीकडे आपली मांडवी दिसते. आणि प्रत्येक चुकीनंतर, प्रत्येक समजावणीनंतर, मान हलवून तेच. "हो ताई, समजलं."

काही समजलेलं नसतं.

मी मुळात शांत स्वभावाची नाही. माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. मी अक्षरं लावायला शिकले ती "कामगार बंधूंनो" या शब्दांपासून. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं आणि दिघे सरांना कायमची सोय करून दिली. "क्रांती, आज क्रांती नको, सरळ लँडिंग कर," हे वाक्य मी विद्यार्थी असताना किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

शिक्षण भीतीवर उभं राहू नये, असं माझं मत आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मी मधूला छोटंसं भाषण दिलं. म्हटलं, "मधू, या विमानात कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. तुला शंका विचारायचा पूर्ण हक्क आहे. न समजणं हा गुन्हा नाही. न समजता समजलं म्हणणं, ही आपल्या शिक्षणपद्धतीने लावलेली गुलामगिरी आहे. कळतंय का मी काय म्हणते ते?"

"हो ताई, समजलं."

तिसऱ्या धड्याला मी त्याच्यावर ओरडले. पाचव्याला "तुला मेंदू आहे की नाही?" असं विचारलं. माझ्या सगळ्या तत्त्वांचा एका मूर्खाने दोन आठवड्यांत निकाल लावला, आणि तो मूर्ख खोटा होता.

तुम्हाला वाटेल, माणूस फक्त कामावर असा असेल. तसं नाही. सर रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीत एकटे राहतात. एकदा सकाळी मी त्यांच्याकडे पुस्तक परत करायला गेले, तर सर स्कूटरभोवती गोल फिरत होते. दोन्ही चाकं दाबून पाहिली. पेट्रोलच्या टाकीत डोकावले. हँडल इकडे-तिकडे फिरवलं, ब्रेक दाबले. मग स्कूटरवर ताठ बसून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "क्लिअर!" विमानाचा पंखा सुरू करण्याआधी जवळ कुणी नाही ना, म्हणून आम्ही ओरडतो तसं. समोरच्या भाजीवाल्या बाईने मुकाट्याने आपली गाडी फूटभर मागे घेतली. वरच्या मजल्यावरून एका आजींचा आवाज आला, "क्लिअर हो क्लिअर! जावा आता, दूध नासेल तुमच्या आवाजाने."

"सर, स्कूटर आहे ती," मी म्हटलं.

"आकाशात चूक होत नसते," सर म्हणाले. "चूक जमिनीवरून सोबत नेलेली असते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य एका शब्दाचं आहे. "हात!"

या हातावरूनच सगळं बिनसलं. माझा अभ्यासक्रम संपत आला होता. सरांनी एका अर्जावर सही केली की मी परीक्षेला बसणार होते. मग मला स्वतःचे विद्यार्थी मिळणार होते, खरे, हाडामांसाचे, घड्याळ घातलेले. सगळे धडे झाले होते. मधूसुद्धा आता, रडतखडत का होईना, विमान खाली आणत होता. पण सर सही करत नव्हते.

तुम्हाला एवढंच माहीत असावं की विमान टेकताना शेवटच्या क्षणी त्याचं नाक हळूच उचलायचं असतं. मधू नेमका तेव्हाच धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाकडे बघत बसतो आणि जमीन अंगावर आली की घाबरून कंट्रोल पोटाशी ओढतो. विमानात कंट्रोल दोन असतात, एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. मी माझ्या कंट्रोलवर दोन बोटं ठेवायची. फक्त दोन. आणि विमान छान टेकायचं.

उतरल्यावर आम्ही क्लबच्या खोलीत जायचो. सर घड्याळ मागून घ्यायचे, मनगटावर बांधायचे, आणि विचारायचे, "हे लँडिंग कोणी केलं?"

"मधूने."

"खोटं. मधूला लँडिंग येत नाही. तू केलंस. हात!"

"दोन बोटं होती, सर."

"दोन बोटं म्हणजे हातच. त्याला काय कळणार, त्याने केलं की तू?"

"मग काय विमान आपटू देऊ?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते कळेल तेव्हा सही करतो."

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी घरी आले आणि समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून क्लबच्या कार्यकारिणीला निवेदन लिहिलं. चार पानं, अकरा मुद्दे. मुद्दा क्रमांक दोन, सहीचा अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती असणे लोकशाहीविरोधी आहे. मुद्दा क्रमांक चार, मूर्खपणाचा अतिरेक. मुद्दा क्रमांक सात, विमानात चिवडा. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "शेवटी मागणी लिही. मागणीशिवायचं निवेदन म्हणजे नुसती कुरकुर." मी मागणी लिहिली. सही तरी करा, नाहीतर मधू तरी बदला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते निवेदन रमणभाईंना वाचून दाखवलं. रमणभाई आमचे मेकॅनिक. क्लबमध्ये सगळ्यांत जुने. मराठी प्रशिक्षक आणि विद्यार्थ्यांमध्ये जन्म गेल्यामुळे आपली मराठी आपल्या गुजरातीपेक्षा बरी झाली आहे, असा त्यांचा दावा आहे. हँगरमध्ये विमानाच्या चाकापाशी उकिडवं बसून ते ऐकत होते. मुद्दा क्रमांक चारला त्यांनी पान्हा खाली ठेवला.

"बेन, एक खोटं आहे यात. मधु डफोळ नव्हता."

"नव्हता म्हणजे? मधू आहेच कुठे?"

"मांडवीत. वह्या-पेनांचं दुकान आहे. चांगलं चालतं."

मी निवेदनाची घडी केली.

रमणभाई म्हणाले, "वीस वरस झाली. साहेब तेव्हा नवे प्रशिक्षक. मधु त्यांचा पहिला विद्यार्थी. फक्कड उडवायचा, बेन. पतंगवाला हात. रोज सकाळी साहेब मला सांगायचे, रमणभाई, बादली भरून ठेवा, आज मधु एकटा जाणार."

बादलीचं असं आहे की आमच्याकडे विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडून आला की त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. मग त्याने सगळ्यांना पेढे द्यायचे. प्रशिक्षक विमानातून उतरतो, विद्यार्थी एकटा एक चक्कर मारून येतो, आणि ती दहा मिनिटं माणसाच्या जन्मभर लक्षात राहतात. माझ्यावरची बादली मला अजून आठवते. पाणी गार होतं आणि ओतणारे दिघे सर होते.

"मग?"

"मी भरायचो. साहेब मधुला घेऊन जायचे, दोघंच परत यायचे. आज वारा आहे. आज ऊन आहे. उद्या जाईल. मी संध्याकाळी ते पाणी झाडाला घालायचो. तो बघा, हँगरमागचा कडुलिंब. रोप होतं तेव्हा. मधुच्या पाण्यावर मोठा झालेला आहे."

कडुलिंब हँगरच्या छपराच्या वर गेला होता.

"महिनाभर असं चाललं. मग मधुने विचारलं, सर, माझं काय चुकतं? साहेब काय बोलणार? म्हणाले, तुला नाही समजणार. मधु म्हणाला, हो सर, समजलं. पाया पडला आणि गेला. परत नाही आला."

"आणि चुकत काय होतं त्याचं?"

"कशुं नहीं." रमणभाई पहिल्यांदाच पूर्ण गुजरातीत बोलले. मग पुन्हा पान्हा उचलून म्हणाले, "काहीच नाही. साहेबांचे पाय उतरत नव्हते विमानातून. बस. दुसऱ्या विद्यार्थ्यापासून उतरायला लागले. पण पहिला तर गेला ना."

"मग सर त्याला एवढा मूर्ख का दाखवतात?"

"बेन, तुम्ही शिकलेली बाई. मधु मूर्ख असेल तरच साहेब बरोबर, नाही का?"

हे ऐकून मला दया आली, असं कुणी समजू नये. मला राग आला. एका विद्यार्थ्याला त्याचा हक्क नाकारला गेला होता. त्याला कारणही दिलं नव्हतं. वर वीस वर्षं आठवड्यातून तीन दिवस त्याची बदनामी चालली होती, आणि त्या बदनामीत मी स्वतः सामील होते. मेंदू आहे की नाही असं मीच त्याला विचारलं होतं. रात्रभर वाट पाहायची माझी तयारी नव्हती, पण विमानं सकाळीच उडतात. मी निवेदनाला बारावा मुद्दा जोडला आणि झोपले.

सकाळी सात वाजता सरांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी ते खिशात न ठेवता माझ्या मनगटावर बांधलं. सरांच्या लक्षात आलं नाही. ते केस ओढण्यात गुंतले होते.

आम्ही दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा विमान टेकताना मी माझे हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. पहिल्यांदा विमान आपटलं. माझे दात एकमेकांवर वाजले. दुसऱ्यांदा मधूने कंट्रोल ओढला, मग मी काहीच करत नाही हे पाहून स्वतःच थोडा सोडला, आणि विमान एक उडी मारून नीट धावायला लागलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मधू, हँगरपाशी घे," मी म्हटलं. "थांबव. ब्रेक लाव. इंजिन बंद नको करूस."

मी माझा पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"ताई, काय झालं?"

"मी उतरतेय. एकटा जा. एक चक्कर मार आणि परत ये."

मग मधूच्या तोंडून दिघे सरांचा आवाज आला. "क्रांती, हे अभ्यासक्रमात नाही."

"सर कोण आहेत इथे?" मी मनगट पुढे केलं. "घड्याळ माझ्याकडे आहे."

ज्याच्या सहीवर माझं सगळं पुढचं आयुष्य अडलं होतं, त्यालाच मी हुकूम सोडत होते. तो रागावला असता तर माझी सही गेलीच होती. वैमानिक म्हणून त्याला एकट्याने उडायला कसलीच आडकाठी नव्हती. पण दुसऱ्यांना शिकवण्यात वीस वर्षं गेलेल्या माणसाच्या शेजारची सीट कधी रिकामी नसते, हे मला तेव्हा सुचलं.

तो माझ्याकडे बघत होता. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते.

"नाही समजलं, ताई," तो म्हणाला.

दीड महिना मी या एका वाक्यासाठी घसा फोडला होता.

"परत सांगते," मी म्हटलं. "तुझं काही चुकत नव्हतं. मी नसेन म्हणून विमान हलकं असेल. रोजच्यापेक्षा लवकर उचललं जाईल. तेवढं झालं की घाबरू नकोस. बाकी सगळं तुला येतं."

रिकाम्या सीटचा पट्टा सुटा राहिला तर कंट्रोलमध्ये अडकू शकतो, म्हणून उतरणाऱ्या प्रशिक्षकाने तो बांधून जायचा असतो. मी बांधला. सीटखालचं चिवड्याचं पाकीट काढून घेतलं. दार लावलं आणि शेपटीच्या बाजूने चालत दूर झाले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत जाऊन बसले असते. आदल्या दिवशीपर्यंत मला हे खरं वाटलं नसतं.

धावपट्टीच्या अलीकडे गवत होतं. गवत ओलं होतं, म्हणून मी निवेदन पसरून त्याच्यावर बसले आणि चिवडा खाल्ला. मधूने टॉवरला परवानगी मागितली असावी, कारण थोड्या वेळाने विमान धावायला लागलं आणि खरंच लवकर उचललं गेलं. एकदा डावीकडे वळलं. मांडवीच्या बाजूला. मग पुन्हा वळलं, पुन्हा वळलं. माझी बोटं चिवड्यात होती आणि तरी अधूनमधून हवेत काहीतरी सावरत होती. विमान खाली आलं, टेकलं, एक छोटी उडी मारली आणि मग बसलं. दिघे सरांच्या विमानाने उडी मारलेली मी कधी पाहिली नव्हती.

हँगरच्या दारात रमणभाई भरलेली बादली घेऊन उभे होते.

"बेन, कोणावर ओतू? साहेबांवर की मधुवर?"

"ओता तुम्ही," मी म्हटलं.

सर पाण्याखाली मुकाट्याने उभे राहिले. डोळे पुसले नाहीत, त्यामुळे त्यातलं किती पाणी बादलीतलं होतं हे सांगता येत नाही. मग ओल्या हातानेच त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. शाई पसरली. सही वाचता येत नाही म्हणून कार्यालयाने तो अर्ज परत पाठवला आणि सगळे कागद मला पुन्हा भरावे लागले. हा माणूस उपकारसुद्धा सरळ करत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सरांनी मला रावपुऱ्यात बोलावलं. हातात पेढ्यांचा खोका होता. त्यांची स्कूटर बरी असताना म्हणाले, तुझ्या स्कूटरवर जाऊ. का, ते सांगितलं नाही. माझ्या स्कूटरभोवती गोल फिरले, चाकं दाबली, "हवा कमी आहे," असं म्हणाले आणि मागे बसले. क्लिअर ओरडायला विसरले. भाजीवाल्या बाईने गाडी मागे घेऊन ठेवली होती. ती बघतच राहिली.

मांडवीत रस्त्याच्या पलीकडे वह्या-पेनांचं दुकान होतं. चाळिशीचा, कपाळ मोठं होत चाललेला एक माणूस वह्यांचे गठ्ठे दोरीने बांधत होता. भराभर, न बघता, दोरी बोटांतून सैल सोडत आणि आवळत.

मी रस्त्याच्या कडेला थांबले. सर उतरेनात.

"गर्दी आहे," मागून आवाज आला. "दुकान बंद करायची वेळ असेल त्याची. उद्या येऊ."

"सर, बादली रोज भरायची नाही."

मागे बराच वेळ काही हललं नाही. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. पेढ्यांचा खोका माझ्या पाठीला टोचत होता. मी इंजिन बंद केलं नाही, वळून पाहिलं नाही, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. माझ्यासारखीला यातलं शेवटचं सगळ्यांत जड गेलं.

मग माझ्या खांद्यावर एक हात टेकला, आणि स्कूटर एकदम हलकी झाली.